बारा आणे बाकी

जगदीशने खणखणीत आवाजात “दोन रुपये!” म्हटलं आणि चाळीपुढच्या पटांगणात बसलेली दीडशे माणसं एकदम गप्प झाली.

महाडच्या शाळेत वक्तृत्वाचं दुसरं बक्षीस मिळवलेल्या मुलाला अशी शांतता ओळखीची असते. त्याला वाटलं, आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. समोर सतरंजीवर वस्तू मांडल्या होत्या. दोन पितळी डबे, एक तांब्या, एक छत्री, कुणाचं तरी ठेवणीतलं लुगडं. चाळ कमिटीचे खजिनदार शामराव बाकावर उभे होते. त्यांच्या उजव्या हातात एक जुनं मनगटी घड्याळ होतं आणि डाव्या हाताने ते जगदीशकडे बघून चिलट हाकलल्यासारखं काहीतरी करत होते. जगदीशने त्याचा अर्थ लावला की बोली कमी पडतेय.

“अडीच!”

मागून कोणीतरी “अरे ए” म्हणालं. शेजारी बसलेल्या रखमामामीने पदर तोंडाला लावला. लोक आपल्या धाडसाने थक्क झालेत हे पाहून जगदीशला आणखी चेव आला.

“तीन रुपये!”

एवढं बोलून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की मघापासून आपल्यावर कोणीच बोललेलं नाही. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने सुरुवातीला “दीड रुपया” म्हटलं होतं, तेवढंच. पुढच्या दोन बोल्या त्याने स्वतःवरच चढवल्या होत्या.

शामरावांनी त्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हातारा ताठ बसला होता. अंगात धुतलेला सदरा, मिशा पांढऱ्या आणि कातरलेल्या. तो म्हणाला, “पोरगं बोललंय. समितीचं काम हाय. पाड.”

“एक वार,” शामराव म्हणाले. “दोन वार.” मग ते इतका वेळ थांबले की तेवढ्यात एखाद्याची विडी ओढून झाली असती. “तीन वार.”

घड्याळ जगदीशच्या हातात आलं. खिशातून निघाले सव्वादोन रुपये. शामरावांनी वहीत लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, “जगदीश, भिवाचा भाचा, खोली त्रेपन्न. बारा आणे बाकी.”

१९५८ सालच्या नोव्हेंबरातली ही गोष्ट. छापखान्यातल्या नोकरीसाठी जगदीशला मुंबईत येऊन नऊ दिवस झाले होते.

खरं काय झालं ते त्याला जिन्यात कळलं. भिवामामा पुढे जिना चढत होता. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर त्याने कठड्याला हात टेकला.

“कुणाचं घड्याळ घेतलंस, माहीताय?”

“त्या पुढे बसलेल्या बाबांचं असावं. पण त्यांना हवं होतं तर वर बोलायचं होतं त्यांनी. लिलाव म्हणजे लिलाव, मामा.”

“तुझ्या महाडला. इथं मालकाचा बोल पडला की संपलं. त्याच्यावर कुणी तोंड उघडत न्हाय.”

मग मामाने त्याला रीत सांगितली. बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून समितीच्या तुकड्या सीमेवर सत्याग्रहाला जात होत्या, आणि वरळीच्या त्या बीडीडी चाळीतून चार माणसं निघाली होती. त्यांचं गाडीभाडं आणि भाकरीचा खर्च चाळीने उचलायचा होता. घरटी निघणार किती, तर चार आणे, आठ आणे. तेवढे पैसे झोळीत टाकायला माणसाला कसंतरी वाटतं. म्हणून ज्याने त्याने घरातली जिवाभावाची वस्तू झोळीत टाकायची. ती पुकारली गेली की पहिला बोल मालकाचा. त्याने ऐपतीप्रमाणे बारा आणे, रुपया, काय तो म्हणावा आणि आपली वस्तू सोडवून घरी न्यावी. समितीला पैसे मिळाले, घरचा तांब्या घरी आला, आणि चाळीत बोलायला झालं की अमक्याने लग्नातलं लुगडं काढून दिलं.

“मग त्याला लिलाव म्हणायचं कशाला?”

“मग काय म्हणायचं? चार आण्यांची भीक?” मामा म्हणाला. “गुणाजीबाबांचं घड्याळ आतापातूर चार वेळा झोळीत गेलं आणि चार वेळा त्यांच्या मनगटावर परत आलं. पाचव्या वेळेला महाडवरनं तू आलास.”

जगदीश त्या दिवशी वाचनालयातून उशिरा आला होता. आधीच्या वस्तू कशा सुटल्या ते त्याने पाहिलंच नव्हतं. तो तसाच खाली गेला. तळमजल्यावर सात नंबरच्या खोलीत गुणाजीबाबा बिनदुधाचा चहा पीत बसले होते. त्यांची बायको सुंदराबाई चुलीपाशी होती.

“बाबा, चूक झाली. हे घ्या तुमचं.”

“माझं कसं? मी दिलं समितीला. समितीनं दिलं तुला. तू मला कशापायी देतोस? मी मागायला आलो हुतो?”

“नाही, पण मला रीत माहीत नव्हती.”

“रीत कळायला येळ लागतो. बस. चहा घे.” त्यांनी डावं मनगट वर केलं, बघितलं आणि परत मांडीवर ठेवलं. चाळीस वर्षं पट्टा बसून तिथे एक फिकी पट्टी उमटली होती. “तीन रुपये आलं. माझ्या दुप्पट. झालं ते ब्येस झालं. किल्ली पहाटे पाचला द्यायची. वीस फेरे. एकविसावा दिलास तर बसतं ते.”

सुंदराबाईंनी चुलीतलं लाकूड गरजेपेक्षा जोराने आत सारलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे रखमामामीने त्याला गदागदा हलवलं.

“ऊठ. पाच वाजत आले.”

“मामी, माझा छापखाना दहाला उघडतो.”

“तुझा दहाला. गिरणीचा भोंगा सातला. घड्याळ ज्याच्याकडं, त्यानं चाळ उठवायची.”

घड्याळाबरोबर आपण हेही विकत घेतलंय हे जगदीशला अंथरुणात कळलं. सहा वर्षं, म्हणजे गिरणीतून घरी बसल्यापासून, गुणाजीबाबा रोज पहाटे चार मजले चढून पहिल्या पाळीची माणसं उठवत होते. गिरणीचा भोंगा होता, पण तो वाजेपर्यंत झोपलं की नळावर रांग आणि त्याच्या पलीकडे दुसरी रांग. मग गेट बंद, आणि दिवस बुडाला. ऐंशी खोल्या, त्यातल्या चाळीस-पंचेचाळीस दारांवर टकटक. त्यातही सरसकट टकटक नाही. सोळा नंबरला नुसतं खाकरायचं, कारण तान्हं मूल आहे. एकतीसला कुशाबाच्या बायकोला हाक मारायची, कारण कुशाबा स्वतःच्या नावाला ओ देत नाही. बावीसला बुधाजी राहतो. तो “उठलो” म्हणतो आणि झोपतो, तेव्हा तो दार उघडून शिव्या देईपर्यंत तिथून हलायचं नाही.

यातलं काहीच जगदीशला माहीत नव्हतं. त्याने पहिल्या दिवशी ऐंशीच्या ऐंशी दारं सारख्याच जोराने वाजवली. दुसऱ्या पाळीचे लोक मध्यरात्री घरी येऊन नुकते कुठे झोपेत मुरले होते. ते उठले. सोळा नंबरचं मूल उठलं, आणि त्याने पंधरा आणि सतरा नंबरची मुलं उठवली. फक्त बुधाजी तेवढा झोपून राहिला.

शिकलेला मुलगा म्हणून जगदीशने मग तक्ता केला. खोली, नाव, पाळी, हाक मारण्याची पद्धत, असे रकाने आखले. शनिवारपर्यंत तक्ता अगदी बिनचूक झाला. सोमवारी पाळ्या बदलल्या आणि तो सबंध तक्ता खोटा ठरला.

दुसरा पराक्रम त्याने परवानगी न घेताच केला. नाक्यावरच्या इराण्याच्या रेडिओशी ताडून पाहता घड्याळ आठ मिनिटं पुढे निघालं. त्याने ते बरोबर लावलं. दुसऱ्या दिवशी अकरा माणसं गेटावरून परत आली. ती आठ मिनिटं गुणाजीबाबांनी मुद्दाम ठेवलेली होती. चार बुधाजीच्या दारातली आणि चार नळावरच्या भांडणाची.

“काय घड्याळवाले,” बुधाजी जिन्यात अडवून म्हणाला, “आज किती वाजता उठवणार? तुमच्या सोयीनं सांगा. मी तसा मालकाला निरोप धाडतो.”

“तुम्हीच उठत नाही.”

“मी न्हाय उठत, मान्य. म्हणून तर गुणाजीबाबा लागतात. मी उठणारा असतो तर त्यांना काय कामधंदा राहिला असता?”

आणि रोज संध्याकाळी शामराव. ते म्युन्सिपाल्टीत मुकादम होते आणि चाळीची वही काखेत घेऊनच फिरत. जगदीश जिन्याच्या वर असो, खाली असो, मोरीत असो, आवाज यायचाच: “बारा आणे! पंचाहत्तर नये पैसे दिलेस तरी चालतील. पण दे.”

“पगार झाला की देतो.”

“समितीचे पैसे आहेत. बेळगावला माणसं उपाशी बसतील आणि इतिहासात नाव येईल तुझं.”

गुणाजीबाबा मात्र खोलीबाहेर येत नव्हते. पहाटे जगदीश तळमजल्यावरून जाताना सात नंबरच्या दाराची फट उजळलेली असायची. आतून खोकला यायचा. सोळा नंबरच्या दारावर तो टकटक करायला हात उचलायचा आणि सात नंबरमधून जोरात खोकला ऐकू यायचा. तो हात खाली घ्यायचा आणि खाकरायचा. असं दोनतीन दिवस चाललं. मग खोकलाही बंद झाला.

सुंदराबाई त्याला गाठायला स्वतः तिसऱ्या मजल्यावर आल्या. जिना चढून दम लागला होता. मामीने पाणी दिलं.

“जगदीशा, घड्याळ तुझं. त्यात मला बोलायचं न्हाय. पण माणूस माझा हाय, म्हणून आले.”

“मी परत द्यायला गेलो होतो, मावशी. घेत नाहीत.”

“घेतील कसे? उभ्या जल्मात कुणाचं फुकट घेतलं न्हाय. हे घड्याळ कसं घेतलं, ते सांगितलं तुला कुणी?”

सांगितलं नव्हतं. सुंदराबाईंनी सांगितलं. पहिल्या लढाईत गुणाजीबाबा विशीत पलटणीत गेले. एडनला असताना एका साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला. साहेब विलायतेला निघाला होता, किंवा मेला होता. सुंदराबाईंच्या मते निघाला होता. गुणाजीबाबांच्या गोष्टीत तो एरवी निघालेला असायचा, चाळीत पाहुणे आले की मात्र मरायचा. ग्रामोफोन, बूट, तंबू, सगळ्यावर साहेबलोकच बोलत होते. शेवटी हे घड्याळ निघालं. काचेवर गोळी-छर्रा लागू नये म्हणून लोखंडी जाळी बसवलेलं, दिसायला उंदराच्या पिंजऱ्यासारखं. मागे उभ्या असलेल्या शिपायांतून गुणाजी ओरडला, “चार रुपये!” साहेबलोक त्याच्याकडे वळून हसायला लागले, आणि हसण्याच्या नादात वर बोलायचे राहूनच गेले.

“पुढं पलटण मोडली. हे मुंबईत आले, गिरणीत लागले, सूत काढायच्या रिंग खात्यात. तिथं पाण्याचा माठ आमच्या लोकांचा वेगळा. ह्यांच्या हातचं पाणी कुणाला चालायचं न्हाय. पण ह्यांच्या हातावरची वेळ चालायची. तिथला मुकादम लांबनं ओरडायचा, गुणाजी, किती वाजलं? हे म्हणायचे, जवळ येऊन बघ. मग यायचा. वाकून बघायचा.” सुंदराबाई हसल्या. “तीस वर्षं वाकवलं त्याला.”

मामी म्हणाली, “आणि गिरणी सुटल्यावर?”

“सुटल्यावर चार महिने भिंतीकडं तोंड करून पडून होते. मी म्हटलं, आता काय हे उठत न्हाईत. मग एक दिवस बुधाजीचा खाडा झाला, त्याची बायको रडत आली. दुसऱ्या दिवशी हे पहाटे उठले आणि त्याला उठवून आले. तिथनं पुढं सहा वर्षं माझ्या आधी उठतात.” त्यांनी लोटी खाली ठेवली. “परवापासनं परत भिंतीकडं तोंड केलंय. एवढंच सांगायला आले.”

त्या गेल्यावर जगदीशने घड्याळ हातात घेतलं. मग त्याला सुचलं. येत्या रविवारी आणखी एक तुकडी जाणार होती, परत झोळी फिरणार होती. त्याने घड्याळ झोळीत टाकायचं आणि पुकारा झाला की मालक म्हणून तोंडच उघडायचं नाही. मालक गप्प राहिला तर वस्तू सगळ्यांना खुली. गुणाजीबाबांनी बोलावं, बाकी चाळीने मूग गिळून बसावं. घड्याळ रोख पैसे मोजून त्यांच्याकडे जाईल आणि फुकट घेतल्याचा डाग लागणार नाही. मामाने हे ऐकलं आणि पहिल्यांदाच भाच्याकडे आदराने पाहिलं. संध्याकाळपर्यंत ऐंशी खोल्यांत बातमी गेली, सात नंबर सोडून.

आणि शुक्रवारी घड्याळ बंद पडलं. एकविसावा फेरा.

“गिरगावात फणसवाडीत नाना म्हणून घड्याळजी हाय,” मामा म्हणाला. “त्याच्याकडं ने. दुसऱ्याला उघडायला देऊ नको.”

नानांचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खाच होती. आत नाना, आणि नानांच्या डोळ्यात खोचलेलं भिंग. त्यांनी घड्याळ घेतलं, जाळी पाहिली आणि भिंग न काढताच जगदीशकडे पाहिलं. तो एक डोळा सुपारीएवढा दिसत होता.

“अहो, हे लढाईतलं आहे. पहिल्या लढाईतलं! जाळीसकट! कुठे मिळालं तुम्हाला?”

“लिलावात घेतलं.”

“कितीला?”

“तीन रुपयांना.”

नानांनी भिंग काढलं, पुसलं, परत घातलं. “चाळीस देतो. आत्ता. रोख.”

जगदीशचा महिन्याचा पगार साठ रुपये ठरला होता. चाळीस हा आकडा त्याने मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिला, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तो निश्चयाने म्हणाला, “विकायचं नाही. रविवारी आमच्या चाळीत समितीसाठी लिलाव आहे, त्यात टाकणार आहे.”

“वा! वा! समितीसाठी?” नानांचा चेहरा उजळला. गिरगावात मोर्चात पकडले जाऊन ते दोन दिवस तुरुंगात राहून आले होते आणि त्या दोन दिवसांवर अजून जगत होते. “म्हणजे पैसे समितीला आणि घड्याळ मला! याहून चांगलं काय? कुठे आहे म्हणालात चाळ? किती वाजता?”

जगदीशने पत्ता सांगितला. वेळ सांगितली. कुठल्या स्टॉपला उतरायचं तेही सांगितलं. नानांनी दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत. तो ट्राममध्ये बसला, लालबाग आलं, परळ आलं, आणि आपण काय केलं ते मग त्याला समजलं. शेजारचा उतारू दचकेल इतक्या मोठ्याने त्याने स्वतःला शिवी दिली.

रविवारी चार वाजता नाना आले. पांढरी टोपी, धुवट धोतर, छातीवर समितीचा बिल्ला. पहिल्या रांगेत बसले, गुणाजीबाबांच्या शेजारीच. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला आणि ऊन कसं आहे यावर बोलले.

जगदीशने शामरावांना कोपऱ्यात ओढलं. “घोटाळा झालाय. तो टोपीवाला चाळीस रुपयांपर्यंत जाणार.”

“मग तू बोल मालक म्हणून. सोडव.”

“सोडवलं तर परत माझ्याकडेच राहिलं! मला त्याच्यावर परत चाळ उठवायची नाही, आणि चाळीलाही माझ्याकडून उठायचं नाही.”

हे शामरावांना पटलं. पण मार्ग सुचेना. जगदीशला आदल्याच दिवशी पगाराचे अर्धे पैसे मिळाले होते. निदान एक तरी काम नीट करावं म्हणून त्याने खिशातून बारा आणे काढले. “हे घ्या. पंधरा दिवस डोकं खाल्लंत.”

शामरावांनी हात पुढे केला. मग काखेतल्या वहीकडे पाहिलं. मग नाण्यांकडे. मग विंचू दिसावा तसा हात मागे घेतला.

“ठेव खिशात.”

“अहो, पण तुम्हीच तर...”

“खिशात ठेव म्हणतो ना! आणि आज मला पैसे द्यायला आलास तर तंगडी मोडीन.”

डबे सुटले, तांब्या सुटला, लुगडं सुटलं. दर वेळी एकच बोल आणि एकच माणूस. नाना प्रत्येक वेळी आजूबाजूला बघत होते की हे लोक इतके थंड कसे. मग शामरावांनी घड्याळ वर धरलं. जगदीशने ठरल्याप्रमाणे ओठ मिटले. दीडशे माणसांनी गुणाजीबाबांकडे पाहिलं. गुणाजीबाबांनी घसा साफ केला.

“पंचवीस रुपये!” नाना म्हणाले.

बायकांतून एक मोठा सुस्कारा निघाला. पंचवीस रुपयांत एका माणसाचं बेळगाव जाऊन-येऊन झालं असतं, आणि हे पटांगणातल्या प्रत्येकाला कळत होतं. सगळ्यांत आधी गुणाजीबाबांना कळलं. त्यांनी मनगटावरची फिकी पट्टी दुसऱ्या हाताने झाकली.

“पाड, शामराव,” ते म्हणाले. “लई झालं. समितीचं काम हाय.”

“पाडतो,” शामराव म्हणाले. “पण आधी मालक कोण ते बघायला नको?” त्यांनी सावकाश वही उघडली, बोटाला थुंकी लावली, पानं उलटली. “जगदीश, खोली त्रेपन्न. तीन रुपयांपैकी सव्वादोन जमा. बारा आणे बाकी. बाकी असेपर्यंत माल घेणाऱ्याचा होत नाही. कमिटीचा नियम आहे. म्हणजे मालक अजून गुणाजीबाबाच.”

“हा नियम कधी केला?” गुणाजीबाबांनी संशयाने विचारलं.

“आत्ता. कुणाची हरकत असेल त्यानं हात वर करावा.”

एकही हात वर झाला नाही. बुधाजीने तर दोन्ही हात मांडीखाली घातले.

“मालकाचा पहिला बोल,” शामराव म्हणाले. “बोला बाबा.”

गुणाजीबाबांनी वहीकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठी होती. “आणि पोराचं सव्वादोन रुपये? ते फुकट गेले?”

“भाडं!” जगदीश ओरडला. वक्तृत्वाचं बक्षीस त्या दिवशी कामी आलं. “पंधरा दिवस वापरलं, त्याचं भाडं!”

“वापरलंस?” बुधाजी म्हणाला. “आम्हाला नाही वाटलं तसं.”

पटांगण हसलं. बायकांत सुंदराबाई सगळ्यांत मोठ्याने हसल्या. गुणाजीबाबांच्या मिशा हलल्या.

“दोन रुपये,” ते म्हणाले. “दीड म्हणालो तर परत कुणी महाडचा उठायचा.”

शामरावांनी एक वार, दोन वार, तीन वार एका श्वासात संपवलं.

नाना उभेच होते. “अहो, पण मी पंचवीस म्हणालो की!” भिवामामाने त्यांच्या कानाशी लागून सगळी रीत सांगितली, मालकाचा बोल, झोळी, जिवाभावाची वस्तू. नानांनी दोन वेळा विचारून खात्री करून घेतली. मग ते पुढे झाले, खिशातलं भिंग काढून सतरंजीवर ठेवलं आणि टोपी सारखी केली.

“हे माझं. पुकारा.”

“भिंग एक,” शामराव म्हणाले. “मालकाचा बोल?”

“पंधरा रुपये.”

“मघाशी पंचवीस होते,” कुशाबा म्हणाला.

“ते घड्याळाचे होते,” नाना म्हणाले. “भिंग काही लढाईवर गेलेलं नाही.”

घड्याळ मनगटावर बांधताना गुणाजीबाबांनी ते कानाला लावलं आणि जगदीशला विचारलं, “आठ मिन्टं कुठं गेली?” मग काटा आठ मिनिटं पुढे सारला.

सोमवारी पहाटे सोळा नंबरच्या दारात कोणीतरी खाकरलं. बावीस नंबरला शिव्या ऐकू आल्या. मग तिसऱ्या मजल्यावर त्रेपन्न नंबरच्या दारावर टकटक झाली.

“बाबा, माझा छापखाना दहाला!” जगदीश पांघरुणातून म्हणाला.

“ठाऊक हाय. पण पंधरा दिवस तू मला निजू दिलं न्हाईस. ऊठ.”

त्यानंतर दीड वर्ष गेलं. महाराष्ट्र झाला, चाळीवर दिवे लागले, झोळी फिरायची थांबली. जुनी वही संपली तेव्हा शामरावांनी नव्या वहीच्या पहिल्याच पानावर पहिली ओळ उतरवून घेतली: जगदीश, खोली त्रेपन्न, बारा आणे बाकी. पगाराच्या दिवशी जगदीश त्यांना नाणी दाखवायचा आणि ते तोंड फिरवून निघून जायचे. हा सगळ्यांचा ठरलेला खेळ झाला होता.

त्या मे महिन्यात जगदीशचं लग्न झालं. राधा माणगावची, सरळ वळणाची, कुणाचा एक पैसा ठेवून न घेणारी. चाळीत येऊन चार दिवस झाले नाहीत तोवर नळावर तिच्या कानावर आलं की तिचा नवरा खजिनदारांचे बारा आणे बुडवून बसलाय, तेही दीड वर्ष, आणि सगळी चाळ त्यावर हसते. तिने माहेरून आणलेल्या बटव्यातून पंचाहत्तर नये पैसे मोजून घेतले आणि डोक्यावर पदर घेऊन ती तडक खाली उतरली.

शामराव पटांगणात वही उघडून बसले होते. मूठ आवळून येणारी नवी सून पाहिली आणि त्यांना काय होणार ते कळलं. त्यांनी वही मिटली, काखेत मारली आणि या वयात शोभणार नाही अशा वेगाने संडासाच्या दिशेने पळाले. राधा त्यांच्या मागून “मामंजी, थांबा हो, घ्या की” म्हणत निघाली. बुधाजी तिला आडवा गेला. वरून जगदीश “राधे, नको! राधे!” असं ओरडत जिने उतरत होता.

सात नंबरचं दार उघडलं. गुणाजीबाबांनी बाहेर येऊन आधी मनगटाकडे पाहिलं, मग तिच्या मुठीकडे.

“सूनबाई,” ते म्हणाले, “चारला सहा कमी हायत. वर जा, चहा टाक. मी येतो, सगळं सांगतो. आणि ती मूठ तेवढी उघडू नको.”